चकलीचा विमा

गेल्या मे महिन्यात आमच्या चकलीने हापूसची कोय गिळली. आंबे ८०० रुपये डझनाचे, म्हणजे सालीकोयीसकट एक नग ६७ रुपयांना पडलेला. त्यातली कोय तेवढी परत मिळवायला आम्हाला ४१,६०० रुपये मोजावे लागले. डॉक्टरमॅडमनी ती एका बरणीत घालून दिली आहे. कपाटात पडून असते. एवढी महागाची वस्तू फेकवत नाही.

चकली म्हणजे आमची कुत्री. २०२०च्या टाळेबंदीत लेकीने सोसायटीच्या फाटकाबाहेरून उचलून आणली तेव्हा ती माझ्या चपलेएवढी होती, आणि हे माप शेपूट धरून सांगतोय. ते शेपूट पाठीवर असं वळून बसलेलं, की जणू सोऱ्यातून नुकतंच पडलंय. नाव ठेवायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. जात गावठी. लेक 'इंडी' म्हणते. तेवढ्यानेही भाव वाढतो म्हणून पाहुण्यांपुढे मीही इंडीच म्हणतो. "हिला घरात घ्यायचं नाही, बाल्कनीत राहील," असं बायकोने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. हल्ली बाल्कनीत मी बसतो.

कोय गेल्याचं दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. पोळीकडे तिने ढुंकून पाहिलं नाही, प्यायलेलं पाणी उलटून टाकलं, आणि रात्री अकराला पाठीची कमान करून कोपऱ्यात नुसती उभी राहिली. बसेचना. चोवीस तास उघडा असतो त्या दवाखान्यात नेलं. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, सलाईन लागलं. मॅडम म्हणाल्या, "आतड्यात काहीतरी अडकलंय. पोट उघडावं लागेल." काउंटरवरच्या मुलाने पंचवीस हजार आगाऊ भरायला सांगितले. मी पाकिटातून कार्ड काढलं. खोटं कशाला बोलू, काढता काढता डोक्यात एक प्रश्न येऊन गेला. पंचवीस ठीक. पन्नासही ठीक. पण हा दोन लाख म्हणाला असता, तर? प्रश्न पुरता एक सेकंदही टिकला नाही. पण आमच्या संसाराला एक्केचाळीस वर्षं झाली आहेत. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "लाज वाटू द्या."

चौथ्या दिवशी चकली गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घालून घरी आली, आणि संध्याकाळी बंगळुरूहून लेकीचा फोन.

"बाबा, सदतीस वर्षं विमा कंपनीत काढलीत आणि घरच्या कुत्रीचा विमा नाही?"

हे वरातीमागून घोडं होतं हे तिलाही कळत होतं. पण तिचं म्हणणं पुढच्या वरातीबद्दल होतं. आंब्याचा मोसम अजून संपला नव्हता.

आता माझ्या नोकरीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. १९७३ साली देशातला सर्वसाधारण विमा सरकारने ताब्यात घेतला आणि चार कंपन्यांत वाटून टाकला. त्यातल्या एकीत मी १९८१ला चिकटलो. कोणत्या, ते विचारू नका. पेन्शन तिथूनच येते. लोकांना वाटतं मी विमा विकत होतो. विकला कधीच नाही. विम्याच्या कचेरीत दोन जातीची माणसं असतात: प्रीमियम घेताना हसणारी आणि क्लेम वाचताना चष्मा लावणारी. मी चष्म्याच्या बाजूला होतो.

पहिली नेमणूक सोलापूर जिल्ह्यात झाली. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम १९८०च्या ऑक्टोबरात देशभरच्या तालुक्यांत पोचला होता. बँक कर्ज देई, सरकार अनुदान देई, शेतकरी गाय किंवा म्हैस घेई, आणि आम्ही तिच्या कानात नंबराचा बिल्ला ठोकून विमा देत असू. जनावर दगावलं की पशुवैद्याचा दाखला, पंचनामा आणि तो बिल्ला, एवढं टेबलावर यायला हवं. नियम एका ओळीचा: बिल्ला नाही, तर क्लेम नाही. नियमामागे अनुभव होता. विमा एका गाईचा असे आणि मरे ती शेजारची. बिल्ला एका कानातून काढून दुसऱ्यात घालणं काही अवघड काम नव्हे, म्हणून 'हा बिल्ला याच जनावराचा' हे दाखवायला लोक तो कानासकट आणीत.

नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात, दुपारी दीडच्या सुमारास, मी डबा उघडून बसलेलो असताना एका आजोबांनी धोतराच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं माझ्या टेबलावर ठेवलं. मला वाटलं, हुरडा असेल. गाठ सोडून म्हणाले, "साहेब, बिल्ला आणलाय." शेपूची भाजी मी त्या दिवसापासून खाल्लेली नाही. भाजीचा काहीच दोष नव्हता.

त्यांचा क्लेम पास झाला. दुसऱ्या एकाचा झाला नाही. मंगळवेढ्याकडचा पस्तिशीचा माणूस होता. गाय साप चावून मेली होती. दाखला होता, पंचनामा होता, बिल्ला मात्र महिन्याभरापूर्वी बाभळीच्या काट्याला अडकून कान फाटून पडला होता, आणि तो कळवायचा राहून गेला होता. मी नियम सांगितला. त्याने ऐकून घेतला आणि अगदी साधेपणाने विचारलं, "पण साहेब, गाय मेली हे तर खरं ना?" आमच्या फॉर्मात त्या प्रश्नाला रकाना नव्हता. मी फाइल वरच्या ऑफिसला पाठवली. तिथून ती नामंजूर होऊन आली. आणखी काय करता आलं असतं, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

तर लेकीने मोबाइलवर पाठवलेली पॉलिसी मी कुठल्या नजरेने वाचायला घेतली ते आता ध्यानात येईल. कॉलनीतल्या दुकानातून छापून आणली, लाल पेन्सिल शोधली, बाल्कनीत बसलो.

आमच्या वेळीही कुत्र्यांचा विमा होता. तो ग्रामीण विमा खात्यात मोडे. त्याच खात्यात कोंबड्या, बदकं, ससे, मधमाश्या, रेशमाचे किडे आणि हत्तीसुद्धा. हत्तीचा क्लेम माझ्या टेबलावर कधी आला नाही याचा मला आनंदच आहे. तो कान कुठल्या फडक्यात मावला असता? कुत्र्याच्या विम्यात जनावर मेलं तर त्याची बाजारातली किंमत मिळायची, म्हणून कागदपत्रं असलेली अल्सेशियनवाली मंडळी तो घेत. त्या हिशेबाने चकलीचा विमा शून्य रुपयांचा झाला असता. फाटकाबाहेर ती फुकट मिळत होती, आणि तशा आणखी दोन शिल्लक होत्या.

२०२०पासून खाजगी कंपन्यांनी आणलेल्या पॉलिसी निराळ्या. त्यात औषधपाण्याचा खर्च धरतात. शस्त्रक्रिया, दवाखान्यातला मुक्काम, मृत्यू, हरवणं किंवा चोरी, आणि आपलं जनावर दुसऱ्याला चावलं तर त्याची भरपाई. कलमं वेगवेगळी, ज्याला जे हवं ते घ्यावं. चकलीसाठी पन्नास हजारांच्या कव्हरला वर्षाचे ६,८०० रुपये सांगितले होते. चोरीचं कलम मी पहिल्याच फटक्यात खोडलं. ती चोराबरोबर बिस्किटाच्या आशेने आपण होऊन जाईल, त्यात शंका नाही. पण तो तिला दुसऱ्या दिवशी आणून सोडेल.

मग आलं 'यात काय बसत नाही' ते प्रकरण. पॉलिसी मागून वाचायची असते, हे मी नातेवाइकांना आयुष्यभर सांगत आलो. आधीपासूनचं दुखणं बसत नाही. सुरुवातीचे काही आठवडे थांबावं लागतं, तोवर काही झालं तर आपलं आपण. लस चुकवली आणि तोच रोग झाला, तर बसत नाही. बाळंतपण, नसबंदी, दात घासणं, नखं कापणं, काही नाही. दर क्लेममागे ठरलेला वाटा आपला. आणि पैसे आधी आपण भरायचे, बिलं जोडायची, मग कंपनी बघणार. म्हणजे रात्री अकराला काउंटरवर कार्ड मलाच काढावं लागणार होतं. ही कलमं ज्याने लिहिली त्याचं मला मनापासून कौतुक वाटलं. आमच्या पिढीला इतकं रेखीव 'नाही' लिहिता येत नसे.

जगात हे सगळं फार जुनं आहे म्हणे. स्वीडनमध्ये कुत्र्याची पहिली पॉलिसी १९२४ साली निघाली. अमेरिकेत मात्र १९८२पर्यंत थांबावं लागलं, आणि पहिली पॉलिसी मिळाली ती टीव्हीवरच्या लॅसीला. हे वाचलं आणि माझी पेन्सिल आपोआप उभी राहिली. लॅसी ही गोष्टीत कुत्री. पण तिचं काम पिढ्यान् पिढ्या नर कुत्र्यांनी केलं. मग प्रपोजल फॉर्मवर लिंगाच्या रकान्यात काय भरलं होतं? विम्याचा पाया परम विश्वासावर असतो. सांगण्याजोगं सगळं आधी सांगावं लागतं. माझ्या टेबलावर ती फाइल आली असती तर लॅसी अजून पत्रव्यवहार करत असती.

आमच्या फॉर्मवर पहिल्याच रकान्यात अडलो. जन्मतारीख. मॅडमनी दात पाहून अंदाज दिला होता, 'पाच वर्षं अंदाजे'. मी हयातभर 'अंदाजे' हा शब्द दिसला की त्याच्याभोवती लाल गोल केला आहे. आणि या पॉलिसींना वयाची मर्यादा असते. ठरावीक वयानंतर प्रवेश नाही. माणसाला जिथून विम्याची खरी गरज लागते तिथूनच तो महाग होत जातो आणि एका वळणावर बंद होतो. कुत्र्यांनाही सवलत नाही.

मग जात. मग ओळखीच्या खुणा. बिल्ला आता नसतो. मानेजवळ कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप सोडतात, पंधरा आकडी नंबराची. यंत्र फिरवलं की नंबर दिसतो. बाभळीचा काटा तिथे पोचत नाही. मी बराच वेळ त्या ओळीपाशी थांबलो. ही चिप चाळीस वर्षं आधी आली असती तर, वगैरे. बायकोने चहा आणून ठेवला आणि तो निवला.

खरा पेच पुढच्या प्रश्नाने घातला. 'जनावर यापूर्वी कुणाला चावले आहे काय?'

गेल्या गणपतीत चकलीने सोसायटीच्या सेक्रेटरींची ट्रॅक पँट पोटरीपाशी धरली होती. वर्गणीचं पुस्तक हातात घेऊन ते अंधारातून आले होते. कातडीला दात लागला नाही, कापडाला दोन भोकं पडली. आम्ही माफी मागितली, नवी पँट दिली आणि वर्गणी दुप्पट दिली.

"हो लिहायला लागेल," मी म्हणालो.

"चावणं कुठलं? ते धरणं होतं," बायको म्हणाली.

"दात वापरले होते."

"मग काय हाताने धरणार होती?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सदतीस वर्षांत एकाही अर्जदाराने इतका बिनतोड मुद्दा मांडला नव्हता. तरीही मी 'हो' लिहिलं, आणि खाली बारीक अक्षरात 'कापड' असं लिहिलं. लेक म्हणाली, ऑनलाइन फॉर्मला बारीक अक्षर नसतं, फक्त हो आणि नाही.

शेवटी आकडेमोड करायला घेतली. वर्षाचे ६,८०० धरले, वयाबरोबर वाढणार हे सोडून दिलं, तरी सात वर्षांचे ४७,६०० होतात. म्हणजे सात वर्षांत एक कोय गिळली तर कंपनीचं आणि आमचं जवळपास फिटतं. दोन गिळल्या तर आम्ही नफ्यात. यावर बायको म्हणाली की, नफ्यासाठी कोयी गिळायला लावणार आहात का. विनोद सोडा, पण सरासरीने विमा घेणाऱ्याला तोटाच असायचा. त्याच्या प्रीमियममधून इतरांचे क्लेम, एजंटचं कमिशन, ऑफिसचं भाडं आणि माझ्यासारख्या चष्मेवाल्याचा पगार निघायचा असतो. म्हणून विमा घ्यायचा तो आपल्याला न पेलणाऱ्या घावाचा. घर जळणं, माणसाचं मोठं आजारपण. एक्केचाळीस हजारांनी आम्ही कळवळलो, दिवाळीत केरळला जाणार होतो ते राहिलं. पण मोडलो नाही.

हेच घरात पग असता, तर मी पॉलिसी घेतली असती. चपट्या नाकाने श्वास घेणं हाच त्या बिचाऱ्याचा आधीपासूनचा आजार. अल्सेशियन किंवा लॅब्रेडॉर असता तरी घेतली असती, त्यांच्या मागच्या पायांचे खुबे आनुवंशिकतेने दगा देऊ शकतात. तीसुद्धा पिल्लू असतानाच, काही लिहावं लागायच्या आत. आणि माझं वय तिशीचं असून हप्त्याचं घर असतं, तर गावठी कुत्रीसाठीही घेतली असती, कारण तेव्हा एक्केचाळीस हजार हा घावच होता. चकलीला तिच्या आईने फाटकाबाहेर जन्म दिला आणि टिकायचं कसं ते सगळं आधीच शिकवलं. गोचीडताप सोडला तर पाच वर्षांत तिला काही झालेलं नाही. आंब्याचं शिकवायला मात्र आईला वेळ मिळाला नसावा.

हे सगळं मी लेकीला फोनवर समजावून सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "बाबा, हिशेब बरोबर आहे. पण तुम्ही खरं कारण सांगत नाही आहात."

'खरं कारण' म्हणणं तिला सोपं होतं. दवाखान्याची बिलं घेऊन मी टेबलाच्या या बाजूला बसलोय, आणि पलीकडे कुणीतरी चष्मा लावतोय, हे मला बघवलं नसतं. त्याने माझ्यासारखंच, आवाज न चढवता, 'तुमचं सगळं खरं आहे हो, पण' असं म्हटलं असतं. ते 'पण' माझ्या ओळखीचं आहे.

म्हणून आम्ही घरचीच कंपनी काढली. फराळाचा एक स्टीलचा डबा आहे, त्यावर दर दिवाळीच्या सोयीसाठी बायकोने कित्येक वर्षांपूर्वीच 'चकली' अशी चिठ्ठी चिकटवलेली आहे. नवी चिठ्ठी करावी लागली नाही. दर महिन्याला त्यात ६०० रुपये टाकायचे. "आणि ऑगस्टमध्ये काही झालं, तर डब्यात अठराशे असतील," असं लेकीने सुनावलं. ते अगदी खरं आहे. थांबायचे आठवडे संपले की विमा लगेच पन्नास हजारांचा असतो, डबा मात्र भरावा तेवढाच. मग संपलेल्या एका मुदत ठेवीतले तीस हजार डब्याच्या नावावर बाजूला ठेवले. परवा बायकोच्या भाचेसुनेने चहाबरोबर खायला म्हणून तो डबा उघडला, आणि आमच्याकडे फराळाच्या डब्यात नोटा असतात ही बातमी आता सासवडपर्यंत पोचली आहे.

कंपनीची अध्यक्ष, विमा अधिकारी आणि दावे विभाग बायकोच. नियम तिने डायरीत लिहून काढले. वाढदिवसाचा केक बसणार नाही. पावसाळ्यातला रेनकोट बसणार नाही. आणि कलम एक: 'घरातल्या माणसाच्या निष्काळजीपणामुळे झालेला खर्च त्या माणसाने स्वतःच्या पेन्शनीतून करावा.' मे महिन्यात कोयीची बशी खुर्चीखाली ठेवून पेपर वाचत कोण बसलं होतं, हे मी आतापर्यंत या लेखात सांगितलेलं नाही. परम विश्वासाचा मामला आहे, म्हणून आता सांगतो. मीच.

जुलैत चकलीचा उजवा कान सुजला. ओलाव्याने होतं म्हणाल्या मॅडम, साफ केला, थेंब लिहून दिले. तपासणी आणि औषध मिळून १,१५० रुपये झाले. परत येताना असा पाऊस लागला की आम्ही दोघंही निथळत घरी पोचलो. मी अंग पुसलं, चकलीचं पुसलं, आणि डब्याकडे गेलो. बायको डायरी घेऊन बसलीच होती. चष्माही लावला होता.

"बिल?"

खिशात हात घातला. बिलाचा लगदा झाला होता. त्यातून एक निळा डाग तेवढा शिल्लक होता, तो आकडा आहे की सही, हे यंत्र फिरवूनसुद्धा कळलं नसतं.

"बिल नाही, तर क्लेम नाही," बायको म्हणाली.

"अगं, कान सुजला होता हे तर खरं ना?"

तिने चष्म्यावरून पाहिलं, काही बोलली नाही. मग मी चकलीला खांद्याखाली धरून उचललं, टेबलावर ठेवलं, आणि तिचा उजवा कान उलटा करून आतलं औषध दाखवलं.